९२ टक्के बायका 'सहमत' कशा? बचत गटांच्या सर्व्हेबद्दल जरा सविस्तर

प्रश्न विचारणाऱ्या सरांनी लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर कळेल. तुम्ही कॉमर्सला शिकवता, पीएचडी चालू आहे, विषय ग्रामीण महिलांचं आर्थिक वर्तन आणि सरकारी योजनेतल्या बचत गटांचं व्यवस्थापन. एका तालुक्यात ३८४ फॉर्म भरून घेतले, सगळे पाच पर्यायांचे, पूर्णपणे असहमत ते पूर्णपणे सहमत. 'मी नियमित बचत करते' याला ९२ टक्के सहमत, 'कर्ज घेण्याआधी मी परतफेडीचा विचार करते' याला ८८ टक्के सहमत, आणि गटाबाहेरचं कर्ज आहे म्हणणाऱ्या फक्त ६ टक्के. मग एकदा चहाला थांबलात तर समोरच्या ओट्यावर फायनान्सवाल्याची, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीच्या माणसाची, वसुलीची मीटिंग चाललेली, चौदा बायका बसलेल्या, आणि त्यातल्या पाच जणींचे फॉर्म तुमच्या बॅगेत होते, 'इतर कर्ज: नाही' असे. गाईड म्हणतात क्रोनबॅक अल्फा (वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९१ आलाय, उगाच खोलात जाऊ नका, चॅप्टर लिहा. तुमचा प्रश्न असा की डेटा फेकून द्यायचा का.

नाही, फेकू नका. पण त्याला जे नाव दिलंय ते बदलावं लागेल.

आधी एक सांगते, इथून मला सगळं कळणार नाही. तुमच्याकडे वेळ किती उरलाय, संशोधन समितीनं पद्धत मंजूर केलीय त्यात भर घालता येते का, गाईडशी संबंध कसे आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. सहा महिने हातात असतील तर एक सल्ला, सहा आठवडे असतील तर दुसरा. दोन्ही सांगते खाली.

माझ्याबद्दल थोडं. मी बावीसएक वर्षं या कामात आहे, सुरुवातीला गावोगाव फिरून गट बांधायचे, वह्या लिहायला शिकवायचे, बँकेत खाती उघडून द्यायची, आणि आता दहा-बारा वर्षं झाली सर्व्हेच्या टीमना ट्रेनिंग देते आणि त्यांनी आणलेले फॉर्म तपासते. म्हणजे खोटी उत्तरं आधी मी स्वतः गोळा केली आणि आता दुसऱ्यांनी गोळा केलेली पकडते, असं म्हणा.

सगळ्यात पहिली गोष्ट, त्या पाच जणी तुमच्याशी खोटं बोलल्या असं मनात धरू नका. त्यातल्या दोघी-तिघी कदाचित त्यांच्या मते खरंच बोलल्यात. गावाकडे 'कर्ज' हा शब्द फार मोजक्या गोष्टीला लावतात. कर्ज म्हणजे बँकेचं, आणि तेही बहुतेक मालकांच्या नावावरचं. सोसायटीचं असेल तर ते 'पीककर्ज', त्याचं उत्तर नवऱ्यानं द्यायचं. गटाकडून घेतलं तर 'गटाचं उचललंय'. फायनान्सचं असेल तर त्याला नुसतं 'हप्ता' म्हणतात, "माझा बुधवारचा हप्ता असतो" असं. भावाकडून आणले ते हातउसने. किराणा दुकानात असतं ते खातं. सोनं ठेवलं तर 'गहाण ठेवलंय' किंवा 'दुकानात ठेवलंय', बाई त्याला कर्ज म्हणतच नाही कारण तिच्या हिशेबानं वस्तू तिचीच आहे, फक्त जागा बदललीय. भिशी आधी उचलली तर पुढचे सगळे महिने ती देणेकरी असते पण भिशीला कोणी कर्ज म्हणेल का?

आणि ऊसतोडीचा पट्टा असेल तर उचल. बीडकडच्या एका गावात मी स्वतः हा मार खाल्लाय. मुकादमाकडून हंगामाच्या आधी एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, रक्कम घेतात आणि मग कारखान्यावर जाऊन ती फेडतात, फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता 'सध्या कोणतंही कर्ज आहे का', आणि पूर्ण तांड्यावर 'नाही'. टीमनं खुशीत आणून दिले फॉर्म. मी विचारलं अरे उचल विचारली का, तर नाही, ती तर ॲडव्हान्स मजुरी ना मॅडम. चूक त्या पोरांची नव्हती, फॉर्म मी बनवलेला.

तर 'इतर कर्ज आहे का, हो/नाही' हा प्रश्न एकच वाटतो पण तो आठ-नऊ वेगवेगळ्या प्रश्नांचा आहे, आणि प्रत्येक प्रश्न बाईच्या शब्दात विचारावा लागतो. हे तुम्ही केलं नसेल तर ६ टक्क्यांचं आश्चर्य वाटायला नको.

आता उरलेल्या दोघी-तिघी, ज्यांना माहीत होतं आणि तरी सांगितलं नाही. याची कारणं साधी आहेत. तुम्हाला गावात कोण घेऊन गेलं? बहुतेक सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, किंवा ग्रामसंघाची (गावातल्या गटांच्या संघाची) अध्यक्ष, बरोबर? मग बाईच्या डोक्यात तुम्ही 'उमेदवाले', म्हणजे गटांच्या सरकारी अभियानाचे, किंवा 'बँकेचे' झालात. तिला वाटतं हप्ते चालू आहेत कळलं तर पुढचं लिंकेज, म्हणजे गटाला बँकेकडून मिळणारं कर्ज, अडेल. शिवाय फॉर्म कुठे भरले, गटाच्या मीटिंगमध्ये ना, दहाजणी गोल बसलेल्या असताना? तिथं कोण म्हणणार की मी नियमित बचत करत नाही, शेजारी सचिव बसलीय वही घेऊन. आणि घरी भरले असतील तर सासू असते. नवऱ्याला माहीत नसलेला हप्ता ही इतकी कॉमन गोष्ट आहे की मी टीमला सांगते, घरात तिसरं माणूस असेल तर कर्जाचा भाग विचारूच नका, पाणी प्या, परत या.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हां. दक्षिण आफ्रिकेत डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन या दोघांनी एक फार सोपी गोष्ट केली होती, २००८ साली छापून आलं ते. जास्त व्याजाचं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या यादीतून ज्यांनी नुकतंच कर्ज घेतलंय हे पक्कं माहीत आहे अशा लोकांकडे सर्व्हे पाठवला, तर जवळजवळ निम्म्यांनी ते कर्ज सांगितलंच नाही. बायकांमध्ये लपवण्याचं प्रमाण जास्त. कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव असताना निम्मे! तुमच्या हातात तर रजिस्टर पण नाही.

आपल्याकडचे मोठे सरकारी आकडे बघा. नॅशनल सॅम्पल सर्व्हेचा २०१९ मधला कर्ज आणि गुंतवणुकीचा सर्व्हे म्हणतो ग्रामीण भागातली ३५ टक्के कुटुंबं कर्जात. नाबार्डचा २०१६-१७ चा सर्व्हे म्हणतो ४७.४ टक्के, आणि त्यांचाच २०२१-२२ चा म्हणतो ५२ टक्के. व्याख्या वेगळ्या आहेत, नाबार्डच्या पहिल्या सर्व्हेनं ५० हजारांपेक्षा कमी लोकवस्तीची छोटी शहरंही ग्रामीणमध्ये धरली होती, तारखा वेगळ्या आहेत, विचारायची रीत वेगळी. पण मुद्दा असा की हजारो-लाख कुटुंबांकडे जाणारी ट्रेनिंग घेतलेली माणसंसुद्धा एकाच देशातून इतका वेगळा आकडा आणतात. तुमचा ६ टक्के कुठे बसतो मग? विद्यापीठात व्हायवाला कोणी हाच प्रश्न विचारला तर काय सांगाल, याचा आत्ताच विचार करा.

तसं बघितलं तर ही आपली जुनी परंपरा आहे. १९५१-५२ ला रिझर्व्ह बँकेनं ग्रामीण कर्जाचा पहिला अखिल भारतीय सर्व्हे केला, गोरवाला अध्यक्ष आणि गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ कमिटीत, ७५ जिल्हे आणि ६०० गावं. त्यात निघालं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे, बाकी मुख्यतः सावकार. सोसायट्यांच्या कागदावर काय आहे एवढंच बघून हे कधी कळलं नसतं. लोकांना थेट विचारलं म्हणून कळलं, आणि मग धोरण हललं.

आता अल्फा. गाईड सरांचा मान ठेवून सांगते, ०.९१ नं काही सिद्ध होत नाही. क्रोनबॅकनं १९५१ ला जे मांडलं ते एवढंच की तुमची वाक्यं एकमेकांशी किती जुळून उत्तरं देतात. बाई दहाही वाक्यांना मान डोलावत गेली तर अल्फा भारीच येणार. उलट माझ्या अनुभवात गटात बसून भरलेल्या फॉर्मचा अल्फा जास्त येतो, कारण उत्तर एकीचं असतं आणि बाकीच्या "तेच लिवा" म्हणतात. आज रात्रीच एक करून बघा, तुमच्या प्रश्नावलीत एखादं उलटं वाक्य आहे का, 'महिनाअखेर माझ्याकडे पैसे उरत नाहीत' असलं काहीतरी? असेल तर बघा त्यालाही किती जणी सहमत आहेत. ज्या बायका 'नियमित बचत करते' आणि 'पैसे उरत नाहीत' दोन्हीला पूर्णपणे सहमत आहेत त्या एकतर नुसत्या हो म्हणतायत, नाहीतर फार महत्त्वाचं काहीतरी सांगतायत. ते काय असू शकतं ते पुढे सांगते. आणि एकही उलटं वाक्य नसेल तर मग अल्फा छापून काय उपयोग.

३८४ चं पण बोलूनच टाकू. हा आकडा बघितला की मला लगेच कळतं कुठून आलाय, क्रेजसी आणि मॉर्गनचा १९७० चा तक्ता, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, अर्ध्या प्रबंधांत सापडेल. तो तक्ता चुकीचा नाही पण तो धरतो की तुम्ही तालुक्यातल्या सगळ्या बायकांच्या यादीतून एकेकीला चिठ्ठी टाकून उचललंय. तुम्ही तसं केलं नाही, कोणीच करत नाही, तुम्ही ३८-३९ गट घेतले आणि प्रत्येकातल्या दहा-दहा बायका. एका गटातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, एकाच आळीतल्या, बरेचदा एकाच भावकीतल्या. हा सारखेपणा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे अगदी एकसारख्या) समजा ०.१ धरला, तर दहाच्या झुबक्याला गुणक १.९ येतो, त्यानं ३८४ ला भागायचं, आणि तुमच्या ३८४ ची किंमत साधारण २०० बायकांएवढी राहते. सारखेपणा जास्त असेल तर अजून कमी. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर हे आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं ३८४ वेगवेगळी माणसं आहेत आणि तो सगळीकडे 'निष्कर्ष पक्का'चे तारे लावून देतो.

आणि गट निवडले कुठून? चालू गटांच्या यादीतून. बंद पडलेले गट कुठे आहेत? मला विचाराल तर गटाच्या व्यवस्थापनावर पीएचडी करायची तर निम्मं शिकायला बंद गटातच मिळतं. कोणी वही दाबून ठेवली, कोणाची उचल थकली, कोणत्या वर्षी भांडण झालं, निवडणुकीत कुठल्या बाजूला गेले. चालू गटाला विचारलं तर तो सांगणारच की आमचं व्यवस्थापन चांगलंय, म्हणून तर चालू आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे, तुमच्याकडे जे आहे ते 'बायका आपल्या आर्थिक वर्तनाबद्दल पाहुण्या माणसासमोर काय सांगतात' याचा डेटा आहे. तोही डेटाच आहे, कामाचा आहे, पण तुमच्या मथळ्यात 'वर्तन' लिहिलंय आणि वर्तन अजून तुम्ही बघितलंच नाही.

मग बघायचं कसं. वेळ कमी असेल, सहा-आठ आठवडे, तर वह्या बघा. १९९२ ला नाबार्डनं ५०० गटांपासून बँक जोडणी सुरू केली तेव्हापासून या चळवळीचा पाया वह्या हाच आहे, पंचसूत्री तुम्हाला पाठ असेलच, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. तर तुमच्यातल्या आठ गटांच्या वह्या मागा, त्यात दोन बंद पडलेले हवेत. इतिवृत्त, हजेरी, बचत खतावणी, कर्ज खतावणी, रोकड वही आणि बँकेचं पासबुक. एकटी इतिवृत्ताची वही कधी बघू नका, पासबुक शेजारी ठेवून बघा. वहीत १० तारखेला १,२०० बचत जमा दिसते, पासबुकात कधी पडली? तीन महिन्यांनी एकदम ३,६०० पडली असेल तर मधले पैसे कोणाकडे होते, त्यातच गटाचं खरं व्यवस्थापन आहे. दरवेळी त्यात लबाडी असते असं नाही हां, बँक बारा किलोमीटरवर असते आणि जायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

एका बैठकीत लिहिलेली वही ओळखायला शिका. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनानं, एकही खाडाखोड नाही, सगळ्या सह्या ठसठशीत, पोळ्याच्या दिवशी सुद्धा बैठक आणि शंभर टक्के हजेरी. खरी वही मळकी असते, मध्ये कोणीतरी अंगठा दिलेला असतो, दंडाचे १० रुपये कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेले असतात, बेरीज एकदा चुकलेली असते. मला चकाचक वही दिसली की मी आधी विचारते, ऑडिट कधी झालं.

मार्चचं पान तर बघाच. ३१ मार्चच्या आठवड्यात जुनं कर्ज पूर्ण फेडलेलं आणि दोन-चार दिवसांत तेवढंच किंवा थोडं जास्त नवीन घेतलेलं दिसलं तर ते नवं-जुनं आहे. सोसायटीत हे शेतकरी पिढ्यानपिढ्या करतायत, गटातही होतं. कागदावर वसुली ९८ टक्के. मी एका बँकेच्या शाखेत हे डोळ्यांनी बघितलंय, चार दिवसांसाठी पैसे एका दुकानदाराकडून आले, त्यानं त्याचं काढून घेतलं, आणि साहेबांचं टार्गेट पूर्ण झालं, बायकांना तर वाटत होतं हीच पद्धत असते. तुमचा विषय सरकारी योजनेचं व्यवस्थापन आहे ना, मग एकट्या बाईचं वर्तन का मोजताय, शाखाधिकाऱ्याचं, तालुका स्तरावरच्या माणसाचं, सीआरपीचं वर्तनही आर्थिक वर्तनच आहे. टार्गेट मार्चचं असतं म्हणून कर्ज मार्चमध्ये वाटलं जातं, आणि गरज जूनमध्ये असते, पेरणीला आणि शाळेला. या मधल्या दोन-तीन महिन्यांत फायनान्सवाला येतो. यावर एक आख्खा चॅप्टर होईल.

वेळ जास्त असेल, पाच-सहा महिने, तर पंधरवड्याची डायरी करा. ही माझी आयडिया नाही, स्टुअर्ट रदरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत अडीचशेवर घरांमध्ये वर्षभर असं केलं, दर पंधरा दिवसांनी जाऊन आलं किती गेलं किती विचारायचं. तुम्ही वर्षभर नका करू, तीन महिने आणि ४० घरं पुरे. पण घरं निवडताना तुमच्या ३८४ मधलीच घ्या, म्हणजे तिनं फॉर्मवर काय सांगितलं आणि डायरीत काय निघालं याची तुलना करता येईल. ही तुलनाच तुमच्या प्रबंधातली नवी गोष्ट ठरेल.

डायरी विचारायची एक रीत आहे. 'गेल्या पंधरा दिवसांत' म्हणू नका, 'मागच्या-मागच्या बाजारापासून' म्हणा, तिला बाजाराचा वार पक्का आठवतो. आधी आलेलं विचारा, मग गेलेलं, आणि दोन्हीची बेरीज तिच्यासमोर मोठ्यानं करा. एक उदाहरण देते, आकडे थोडे बदललेत. मजुरीचे ३,६००, दुधाचे १,२००, लाडकी बहीणचे १,५००, एकूण ६,३०० आले. गेले किती, किराणा २,४००, शाळा ८००, दवाखाना १,५००, गटाची बचत आणि हप्ता मिळून ७००, लग्नाचा आहेर १,१००, बियाणं १,६००, झाले ८,१००. मी म्हटलं ताई १,८०० कमी पडतायत, कसं भागवलं? ती जरा थांबली आणि म्हणाली, "अजून बुधवारचा हप्ता सांगितलाच नाही की, साडेबाराशे." म्हणजे तूट ३,०५०. मग हळूहळू निघालं, बहिणीकडून दोन हजार, उरलेलं दुकानात खात्यावर. या बाईनं फॉर्मवर 'इतर कर्ज नाही' लिहिलेलं होतं. मी तिला कर्ज आहे का असं एकदाही विचारलं नाही, बेरीज जुळत नव्हती म्हणून तिनं स्वतःच सांगितलं. गावातली बाई हिशेबात पक्की असते, चुकलेली बेरीज तशीच सोडून देणं तिच्याच जिवावर येतं.

आणि मघाशी म्हटलं ना, नियमित बचतही करते आणि पैसेही उरत नाहीत असं दोन्ही सांगणारी बाई, ती हीच. गटाचे १०० रुपये वेळेवर भरायचे म्हणून ती शेजारणीकडून ५० उसने घेते, कारण दंड लागतो आणि त्याहून जास्त म्हणजे चारचौघीत नाव निघतं. वहीत ती नियमित बचतदार. तुमच्या फॉर्मवर पूर्णपणे सहमत. आणि दोन्ही खरं आहे. पण त्याला तुम्ही 'आर्थिक शिस्त' लिहिणार की 'सामाजिक दबाव' लिहिणार? दोन्ही थोडं थोडं असतं असं माझं मत आहे, आणि हा दबाव वाईटच असतो असंही नाही, त्या शंभरांतूनच पुढे शिलाई मशीन आलेली मी बघितलीत. पण वेगळं करून लिहा.

डायरीतून अजून एक मोजमाप फुकटात मिळतं. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं तारणाशिवायचं कर्ज हे मायक्रोफायनान्स, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. मग तुमच्या ४० घरांत किती घरांचे हप्ते निम्म्याच्या वर आहेत ते मोजा. 'कर्ज घेण्याआधी मी विचार करते' या वाक्यापेक्षा हा आकडा कितीतरी बोलका आहे आणि परीक्षकालाही कळतो.

दोन सावधगिरी. एक, तुमचे फॉर्म कधी भरले, ऑगस्ट २०२४ च्या आधी की नंतर? लाडकी बहीणचे दीड हजार दर महिन्याला आधार जोडलेल्या खात्यात यायला लागल्यावर खात्यांवरची हालचाल एकदम वाढली, बायका महिन्यातून दोनदा बँकेत किंवा सीएससीत (गावातल्या सरकारी सेवा केंद्रात) दिसायला लागल्या. त्याचं श्रेय गटाच्या प्रशिक्षणाला देऊन बसू नका. निम्मे फॉर्म आधीचे आणि निम्मे नंतरचे असतील तर ते वेगळे करूनच बघा.

दुसरी, तुमच्या उद्दिष्टांत 'प्रभाव' शब्द आहे असं तुम्ही लिहिलंय. तो काढा किंवा फार जपून वापरा. गटात येणारी बाई आणि न येणारी बाई आधीपासूनच वेगळ्या असतात, घरातून परवानगी आहे, थोडी मोकळीक आहे म्हणून तर ती गटात आली. हैदराबादला बॅनर्जी, डुफ्लो वगैरेंनी १०४ वस्त्या घेऊन निम्म्यांत आधी मायक्रोफायनान्सची शाखा उघडायला लावली, चिठ्ठ्या टाकून, तेव्हा निघालं की धंद्यात थोडी गुंतवणूक वाढली पण शिक्षण, आरोग्य, बायकांचं घरातलं स्थान यावर फरक दिसला नाही. बचत गट म्हणजे फायनान्स कंपनी नव्हे, हे मान्य, गटात बचत आधी आणि कर्ज नंतर असतं. पण तुलनेला गट नसलेल्या बायकाच नसतील तर 'प्रभाव' म्हणायला जागा कुठे आहे. 'संबंध' म्हणा, पुरे आहे.

गाईड सरांना कसं सांगायचं? 'डेटा चुकलाय' असं म्हणू नका, कोणालाच आवडत नाही. म्हणा की जाहीर वर्तन आणि प्रत्यक्ष वर्तन यातली तफावत हा नवा चॅप्टर घालतोय, ३८४ चा भाग तसाच ठेवून. बहुतेक गाईड खूश होतात, एक पेपरही निघतो ना त्यांना.

राहिल्या त्या पाच जणी. त्यांच्याकडे फॉर्म घेऊन 'तुम्ही तर नाही म्हणालात' असं विचारायला अजिबात जाऊ नका, एकदा गावात चर्चा झाली की त्या गावात तुमचं काम संपलं. सीआरपीला पण नावं सांगू नका, गाईडना पण नाही, वहीत नावाच्या जागी नंबर टाका आणि आधार किंवा पासबुकाचा फोटो कधी काढू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. पुढच्या वेळी एकटे जाऊ नका, बरोबर तुमची एखादी विद्यार्थिनी न्या, कारण पुरुषासमोर ओट्यावर हे निघत नाही. पहिल्या दोन फेऱ्या फक्त आलं-गेलं विचारा, हप्त्याचं नाव काढू नका. जायची वेळ दुपारी दोन ते चार, जेवणं झालेली असतात आणि धार काढायला अजून वेळ असतो. बुधवारी जाऊ नका मात्र, त्यांचा हप्ता असतो.